न टोचलेली फांदी

आमच्या माजलगावच्या कॉलेजात नवीन रुजू होणाऱ्या प्रत्येकाला एक पान खावं लागे. विड्याचं नव्हे, डाळिंबाचं. वनस्पतिशास्त्राचे सर ते स्वतः आणून हातावर ठेवत आणि समोर उभे राहत. गिळलं नाही तरी चालेल, पण चावायचं, एवढीच अट. मी मराठी शिकवायला आले तेव्हा माझ्याही हातावर ते पडलं. पहिल्याच दिवशी नाही कसं म्हणायचं, म्हणून चावलं. जीभ आखडली, टाळूला चिकटली, आणि पाण्याची बाटली शोधत मी म्हणाले, "कडू आहे."

त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, तुम्ही मराठीच्या ना? कडू आणि तुरट तुम्हालाच वेगळं सांगता येईना, तर झालंच मग. हे तुरट हाय. कडू म्हणजे तुमची जीभ नको म्हणते. तुरट म्हणजे झाड नको म्हणतंय."

ही आमची पहिली भेट. पुढे मी कित्येक वर्षं त्या माणसासमोर बसून डबा खाल्ला, त्याच्यावर चिडले, त्याला हसले, आणि शेवटी शेवटी त्याच्याकडे बघणंही मला जड जाऊ लागलं. सर जाऊन आता दोन पावसाळे झाले. कॉलेजातला त्यांचा विभागही बंद पडला. मुलं येईनात, म्हणून प्रयोगशाळेत आता परीक्षेचे बाक रचून ठेवलेत.

उंच, काटकुळा माणूस. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि कॉलरच्या आतल्या बाजूला ओळीने खोचलेल्या टाचण्या. या टाचण्यांवरून विद्यार्थी काय काय बोलत ते इथे न लिहिलेलं बरं. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'तेल्या सर'. तेल्या म्हणजे डाळिंबाचा रोग. पानावर, फळावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग पडतो, तो काळा होत जातो, आणि भरलेलं फळ झाडावरच उकलतं. हा रोग जिवाणूंचा. आपलं हे नाव सरांना ठाऊक होतं आणि त्यांना ते आवडायचं, असा माझा संशय आहे.

एका प्राचार्यांनी रुजू होताना ते पान खिशात टाकून वेळ मारून नेली होती. सरांनी त्यांना कधी माफ केलं नाही. पुढे ते गृहस्थ निवृत्त झाले तेव्हा सत्काराच्या हारात झेंडूच्या मधोमध डाळिंबाचं एक पान खोचलेलं निघालं. कुणी खोचलं हे विचारायची गरज नव्हती.

त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता. मधल्या भिंतीला वरच्या बाजूला जाळी, त्यामुळे अर्धं वनस्पतिशास्त्र मी फुकटात शिकले. "झाडाला पळता येतं का?" ते ओरडून विचारत. मुलं ओरडत, "न्हाई सर!" "दवाखान्यात जाता येतं का?" "न्हाई सर!" मग आवाज खाली यायचा. जिवाणू पानात शिरला की पान त्याला ओळखतं, ते सांगत. तो शिरला तिथल्या आजूबाजूच्या पेशी आपणहून मरतात. त्याच्याभोवती मेलेल्यांचं एक कुंपण होतं आणि त्याला पुढे खायला काही मिळत नाही. शेजारच्या पेशी आपल्या भिंती जाड करतात, विषारी, तुरट रसायनं तयार करतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ते पान बाकीच्या झाडाला निरोप पाठवतं, की इकडे हल्ला झालाय, तुम्ही तयार राहा. हा निरोप जायला सॅलिसिलिक आम्ल लागतं. "डोकं दुखल्यावर तुमची आजी जी ॲस्पिरिन खाती ना, तिची ही मावसबहीण," असं म्हणून ते थांबत, आणि माझ्या वर्गातली मुलंही माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत असत.

या ॲस्पिरिनपायी एकदा गोंधळच झाला. सर त्या गोळ्या पाण्यात विरघळवून कुंडीतल्या मिरचीवर फवारत. झाडाला खोटा निरोप द्यायचा, म्हणजे खरा हल्ला व्हायच्या आधी ते सावध होतं, असा तो प्रयोग. त्यासाठी बाजारातल्या औषधाच्या दुकानातून पाकिटंच्या पाकिटं न्यायचे. दुकानदाराने एक दिवस काळजीने विचारलं, "सर, छातीचं कधीपासून हाय?" सर म्हणाले, "माझं न्हाई, मिरचीचं हाय." दुकानदाराला वाटलं, सर दुखणं लपवतायत. आठ दिवसांत गावभर झालं की सरांचं हृदय गेलं कामातून. प्राचार्यांनी बोलावून त्यांचे तास कमी केले, आणि एका जुन्या विद्यार्थ्याने घरी नारळ-शाल नेली. सरांनी कुणाला काही समजावलं नाही. तास कमी झाले म्हणून उलट खूश होते.

त्यांचा खरा हट्ट मात्र दोन शब्दांचा होता. लढणं आणि सोसणं. दरवर्षी परीक्षेत हा प्रश्न असायचाच. रोग आल्यावर काही झाडं लढतात, म्हणजे जिवाणूला आत वाढूच देत नाहीत. काही झाडं नुसती सोसतात. जिवाणू आत असतो, वाढतो, पण झाड वरून हिरवंगार. या दोघांत गल्लत करणाऱ्या मुलाला ते शून्य देत, बाकी उत्तर कितीही बरं असलं तरी. मी एकदा म्हटलं, "सर, जरा दया करा. सोसणारं झाडही जगतंच की."

"जगतं. आणि शेजारच्याला मारतं," ते म्हणाले. "सोसणारं झाड रोगाला घरात जागा देतं, मॅडम. तुमाला वाटतं लई गुणी हाय. त्याची काडी न्हेऊन दुसरीकडं लावा, मग कळतं."

असलं काही ऐकलं की माझ्यातली मराठीची बाई जागी व्हायची. आमच्या सासरच्या एक-दोन माणसांची नावं मला लगेच आठवली आणि मी ती बोलून दाखवली. सर भयंकर संतापले. "हाच तुमच्या विषयाचा रोग. झाडाला माणूस म्हणा, माझी हरकत न्हाई, पोरांना समजायला सोपं जातं. पण माणसाला झाड म्हणू नका. माणसाचं गणित येगळं हाय." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. डबा मात्र समोरच बसून खाल्ला.

ज्याचं पान ते सगळ्यांना चारत, ते झाड प्रयोगशाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ होतं. कधीकाळी कुण्या माळ्याने लावलेलं साधं डाळिंब. आसपासच्या बागांत तेल्या आला, लोकांनी बागा काढून सोयाबीन घेतलं, पण या झाडाच्या पानावर डाग नाही. सरांनी हे हेरलं आणि त्या दिवसापासून कॉलरला टाचण्या आल्या. रोगट पानांचा अर्क काढायचा, टाचणी त्यात बुडवायची आणि झाडाच्या पानाला, कोवळ्या काडीला टोचायची. पूर्वेकडची फांदी तेवढी राखलेली, तिला टोचायचं नाही, तुलनेसाठी. तुरट किती झालं हे बघायला रोज एक पान तोंडात.

एक दिवस ते सरळ माझ्या वर्गात शिरले आणि मला हाताने खूण करून बाहेर बोलावलं. मुलं हसायला लागली. मागे नेऊन त्यांनी मला एक पान दाखवलं. टोचल्या जागी मोहरीएवढा कोरडा तपकिरी ठिपका होता, बाकी पान स्वच्छ. "बगा. थांबवला. तिथंच जाळून टाकला त्याला. लढतंय हे," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला मेलेला ठिपका दिसत होता, बाकी काही नाही. पण एवढा आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर त्याआधी बघितला नव्हता, त्यामुळे मीही हसले.

सरांनी लग्न केलं नव्हतं. त्यांना होती ती एक मोठी बहीण, आक्का. आई लवकर गेली. आक्का नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायच्या आणि तिकडून भावाच्या शिक्षणाला पैसे पाठवायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी धारूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला जमीन घेतली, मुलाला हाताशी धरून दगड वेचले, शेततळं केलं. कधी माजलगावला आल्या की कॉलेजात येत. पांढरं स्वच्छ लुगडं, दारातूनच "जय भीम बाई" म्हणत, आणि भावाने पुढे केलेलं पान शेंगदाण्यासारखं खात. न थुंकता ते पान खाणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही.

त्या झाडाची रोपं आक्कांनी मागितली ती माझ्यासमोर. "मला तुज्या झाडाची बाग लावायचीय," त्या म्हणाल्या.

"आजून न्हाई आक्का. दोन-चार वर्सं बगू दे मला. आजून ते पक्कं न्हाई."

"तवर मी ऱ्हाते का? लोकं म्हणत्यात डाळिंब न्हाई होत इथं. मला दावायचंय त्यांना." मग थांबून म्हणाल्या, "मी तुला कवा काय मागितलंय का?"

 खरंच आक्कांनी कधी काही मागितलं नव्हतं. मला तेव्हा सरांचाच राग आला होता. एवढं झाड आहे, द्यायला काय जातं, असं वाटलं.

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या पावसाळ्यात सरांनी झाडावर गुट्या बांधल्या. फांदीची साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिकने बांधायचं, मुळं फुटली की कापून रोप करायचं. टाचण्यांच्या फांद्यांना त्यांनी हातही लावला नाही. सगळी रोपं पूर्वेकडच्या फांदीची. "ही टोचलेली न्हाई," असं ते मला पुनःपुन्हा सांगत होते, मी विचारत नसताना. मला तेव्हाच काही समजायला हवं होतं म्हणा, पण शेतीतलं मला काय कळतं.

बाग सुरेख आली. फळ धरलं तेव्हा मी एकदा सरांबरोबर एसटीने गेले होते. आक्कांनी मला ओळीओळीतून फिरवलं. सरांना कुठेही पान तोडू देईनात. "घरचं हाय म्हून वरबाडू नको," म्हणाल्या. सर निमूटपणे हात खिशात घालून चालत होते.

त्या वर्षी आभाळ उघडलंच नाही. पाऊस थांबायचा, झाकोळ थांबायचा नाही. आम्ही डबा खात असताना भाच्याचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता. "मामा, फळावर तेल सांडल्यावानी दिसायलंय."

सरांनी डब्याचं झाकण लावलं. मला म्हणाले, "येता का?" आणि मी गेले. 

फळं झाडावरच उकलली होती. एका ओळीत नाही, सगळीकडे, एकाच वेळी. रोग बांधावरून आत आला असता तर आधी कडेची झाडं गेली असती, एवढं मलाही समजलं. सर एका झाडाशी खाली बसले. जुनी गुटी जिथून फुटली होती, त्याच्या जरा वरची, कोंब फुटतो त्या डोळ्याजवळची साल त्यांनी नखाने सोलली. आत काळी रेघ होती. दुसरं झाड बघितलं, तिसरं बघितलं. मग बघायचं थांबले.

"आक्का," ते म्हणाले, "हा माज्या रोपातनं आलाय. मीच आणला."

जिवाणू त्या झाडाने कधी मारलाच नव्हता. पानावर ठिपका पडून थांबला म्हणून सरांनी जिंकल्याचं धरलं, पण काडीतून तो आत गेला होता आणि सालीखाली बसून होता. कॉलेजमागच्या कोरड्या हवेत त्याला उठायला निमित्त मिळालं नाही, ते डोंगराखालच्या त्या वर्षीच्या झाकोळात मिळालं. आणि झाडाच्या पोटात टोचलेली आणि न टोचलेली अशा भिंती नसतात. ज्या प्रश्नात चुकणाऱ्याला त्यांनी उभ्या जन्मात अर्धा मार्क दिला नाही, तिथेच ते चुकले होते. त्यांचं झाड लढत नव्हतं, सोसत होतं.

आक्कांनी एकदा बागेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "च्या ठेवते. बाई दमल्या असतील."

बाग उपटायला जेसीबी आला तेव्हाही मी होते. झाडं ढीग करून पेटवली. ओली होती, नीट जळेनात, नुसता धूर. सर आक्कांच्या मागे मागे फिरत होते. "आक्का, बोल की काहीतरी. शिव्या तरी घाल."

"कावून घालू?"

"माज्यामुळं झालं."

"तू दिलं म्हून लावलं. ठावं असतं तर दिलं असतं का तू?" एवढं बोलून त्या धुराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला. धूर होताच, त्यामुळे कुणाला काही म्हणता आलं नाही.

परतताना एसटीत सर मला म्हणाले, "ती चिडली असती तर बरं झालं असतं. नुसती आत घेत चाललीय. आतनं काळी पडंल ती." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "सॉरी मॅडम."  एवढं वाईट मला त्या धुरातही वाटलं नव्हतं.

कॉलेजमागचं झाड त्यांनी स्वतः तोडलं. तोडायच्या आधी पान खाल्लं नाही. नंतर नवीन आलेल्या कुणालाही पान मिळालं नाही, आणि कॉलरच्या टाचण्याही गेल्या.

त्यानंतर ते कुणाच्याही शेतात पाऊल टाकेनासे झाले. आपल्या पायाला, हाताला, कपड्याला रोग आहे हे त्यांच्या डोक्यात बसलं. पिशवीत ब्लिचिंग पावडरीची पुडी. कुठे जावंच लागलं तर बादली मागायची, पुडी पाण्यात टाकायची, कोपरापर्यंत हात आणि गुडघ्यापर्यंत पाय धुवायचे. पोटऱ्यांची कातडी सोलवटली होती. लोक हसायचे. आक्कांकडे जात, पण रस्त्यावर उभे राहत. आक्का बांधापर्यंत भाकरी घेऊन येत. त्या बांधाच्या आत, हे बांधाच्या बाहेर, असे बसून दोघं जेवत. मी एकदा आक्कांना म्हटलं, "तुम्ही सांगा ना त्यांना, आता तूर आहे तिथे, डाळिंबाचा रोग तुरीला येत नाही." त्या म्हणाल्या, "त्याला मायती न्हाई का ते? त्यानंच तर शिकिवलंय समद्यांना." आणि त्यांनी विषय बदलला.

आक्का वारल्या, थंडीच्या दिवसांत, थोड्या आजाराने. सकाळी सरांचा मला फोन आला, "दुपारी माती हाय." आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात. स्वतःच्या रानातच करायची होती. आम्ही पोचलो तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली माणसं आत तुरीच्या कडेला जमलेली होती, त्रिसरण-पंचशील व्हायचं होतं, सगळे सरांसाठी थांबले होते.

सर बांधापाशी थांबले. पिशवीत हात घालून पुडी शोधायला लागले.  आज तरी नको, असं मला म्हणावंसं वाटलं. तेवढ्यात त्यांना बादली दिसली. बांधाच्या आत, दगडाच्या आडोशाला, झाकण घातलेली. झाकण काढलं तर ब्लिचिंगचा वास आला. शेजारी तांब्या आणि घडी केलेला टॉवेल.

"ही कुणी ठिवली?" सरांनी विचारलं.

भाचा आतून आला होता. डोळे लाल, आवाज बसलेला. "आईनं सांगितलंतं," तो म्हणाला. "म्हणली, मामा आल्याबिगर मला माती देऊ नका. आन त्याचे पाय धुऊन होईस्तोवर कुणी घाई करू नका."

सर बादलीजवळ उकिडवे बसले. तांब्या उचलला, पण पाणी पायावर पडेना, मातीतच सांडत होतं. भाचा समोर बसला. त्याने मामाच्या हातातून तांब्या घेतला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय धुवायला लागला, आधी डावा, मग उजवा, बोटांच्या मधून, टाचेच्या भेगांतून, सर जसे धुवायचे तसेच. रानातली माणसं उभी होती. कुणी हसलं नाही.